पोलिसी खाक्या आणि कायद्याचे मौन

छत्रपती संभाजीनगरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मराठवाड्यात ‘घाटी’ या एकाच नावाने ओळखले जाते. खेड्यापाड्यांतील गोरगरीब रुग्णांचा हा शेवटचा आधार. १६ डिसेंबर २०२४ रोजी याच घाटीत परभणीहून आणलेल्या एका मृतदेहाचे शवविच्छेदन झाले. मृतदेह सोमनाथ सूर्यवंशी या पस्तीस वर्षांच्या, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाचा होता. ११ डिसेंबरला तो पोलिसांच्या ताब्यात गेला, १४ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत रवाना झाला आणि १५ डिसेंबरच्या सकाळी मरण पावला. घाटीतील डॉक्टरांनी मृत्यूचे कारण लिहिले ते असे : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. त्या एका ओळीने पुढच्या साऱ्या घटनाक्रमाला दिशा दिली. ती ओळ लिहिताना डॉक्टरांनी मृतदेहावर जे दिसले तेवढेच नोंदवले. ताब्यात कोणाच्या होता, गुन्हा कोणता होता, बाहेर रस्त्यावर काय चालले होते, याचा विचार करणे हे त्यांचे काम नव्हते आणि त्यांनी तो केला नाही. शासकीय नोकरीत राहून एवढा तटस्थपणा पाळणे वाटते तितके सोपे नसते.

परभणीत त्या आठवड्यात जे घडले, त्याची पार्श्वभूमीही विसरता येणार नाही. १० डिसेंबरला रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, त्यातून दगडफेक आणि जाळपोळ झाली. अशा वेळी पोलिसांनी हातावर हात ठेवून बसावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. दुकाने जळत असताना दंगेखोरांना पांगवणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे. परंतु रस्त्यावरचा जमाव पांगवणे आणि ताब्यात आलेल्या, निःशस्त्र झालेल्या माणसावर हात उगारणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीस कायद्याचे बळ आहे, दुसरीस कोणत्याही कायद्यात स्थान नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा विषय निघाला, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहास सांगितले की, या तरुणास श्वसनाचा विकार होता आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले असता त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती. न्यायालयीन चौकशीची घोषणाही त्यांनी त्याच वेळी केली. येथे व्यक्तीपेक्षा पद्धतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, गृहमंत्र्याच्या हातात सभागृहात जो कागद येतो तो पोलीस खात्यानेच तयार केलेला असतो. ज्या खात्यावर आरोप आहे त्याच खात्याची टिपणी वाचून मंत्री उत्तर देतो, विरोधक त्याला धारेवर धरतात, सत्तारूढ बाके त्याची पाठराखण करतात आणि एका माणसाच्या मृत्यूचा प्रश्न पाहता पाहता पक्षीय प्रतिष्ठेचा होऊन बसतो. तीन महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांना जबाबदार धरले. सभागृहातील उत्तर आणि हा अहवाल यांच्यात जे अंतर पडले, ते त्या मूळ टिपणीचे अंतर होते.

एवढे होऊनही गुन्हा नोंदला गेला नाही. मृताच्या आईने १८ डिसेंबरलाच लेखी तक्रार दिली होती. शेवटी तिला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. न्या. विभा कंकणवाडी आणि न्या. संजय देशमुख यांच्या पीठाने ४ जुलै २०२५ रोजी, आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवा, असा आदेश दिला. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलै रोजी तेथेही शासनाचे म्हणणे फेटाळले गेले. म्हणजे एक प्रथम खबर नोंदवून घेण्यासाठी साडेसात महिने आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा प्रवास! घरात चोरी झाली तर ज्या कामास अर्धा तास पुरतो, त्यास एका आईला एवढा काळ लागला. गुन्हा नोंदणे म्हणजे कोणास दोषी ठरवणे नव्हे, तपासाला केवळ सुरुवात करणे होय. तरीही त्यासाठी शासनाने दिल्लीपर्यंत झुंजावे, हे कोणत्याही शासनाला शोभणारे नाही.

या सुनावणीत कायद्यातील एक मोठी पोकळी उघडी पडली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावयाची असते. पण ती चौकशी पूर्ण झाल्यावर पुढे काय? अहवाल कोणाकडे जावा, त्यावरून गुन्हा कोणी नोंदवावा, तपास कोणी करावा, याविषयी कायदा मूग गिळून बसला आहे. चौकशी सक्तीची, पण निष्कर्ष ऐच्छिक!

ही पोकळी आजची नाही. तिचा इतिहास या पानांच्या वाचकांना तरी परका नसावा. आणीबाणीत मिसाखाली ज्यांच्या घरातील कर्ता माणूस पहाटे उचलून नेला गेला, नाशिकरोड आणि येरवड्याच्या भिंतींआड ज्यांनी महिनोन् महिने काढले, त्या पिढीतील काही जण आजही हयात आहेत. केरळात राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी उचलले आणि तो परत आलाच नाही. आणीबाणी उठल्यावर त्याच्या वृद्ध पित्याने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्या प्रकरणात मुख्यमंत्री करुणाकरन यांना पायउतार व्हावे लागले. या साऱ्या अनुभवातून जनता सरकारने १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. आयोगाने आपल्या १९७९ च्या पहिल्याच अहवालात कोठडीतील मृत्यूंची न्यायिक चौकशी सक्तीची करावी, अशी शिफारस केली. ती कायद्यात यायला २००५ ची दुरुस्ती उजाडावी लागली, आणि ती अमलात आली २००६ मध्ये. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एका शिफारशीसाठी! त्यातही चौकशीनंतरची पायरी बांधायची राहिली ती राहिलीच. २०२३ मध्ये तिन्ही फौजदारी कायदे बदलले गेले. गुलामीच्या खुणा पुसण्याच्या त्या स्वागतार्ह कामातही ही एक पायरी घालायची राहून गेली.

प्रश्न केवळ कायद्याचा असता तर तो सोपा होता. अवघड आहे ते समाजाचे मन. मध्यमवर्गीय घरात संध्याकाळी बातम्या पाहताना एखाद्या गुंडाला पोलिसांनी चांगला ‘पाहुणचार’ दिल्याचे कळले की समाधानाचा सुस्कारा सुटतो. ‘दोन फटके दिल्याशिवाय हे लोक बोलत नाहीत’ हे वाक्य ठाण्यात जितके ऐकू येते, तितकेच ते दिवाणखान्यातही ऐकू येते. पोलिसी खाक्याला मिळणारे खरे बळ पोलीस नियमावलीतून मिळत नाही, ते या दिवाणखान्यातून मिळते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुणीवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणातील चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने न्या. विकास सिरपूरकर या मराठी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये काय सांगितले? चकमकीची पोलिसांची कहाणी विश्वासार्ह नाही, गोळीबार मारण्याच्याच हेतूने झाला, आणि त्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुले उधळणाऱ्यांनी तो अहवाल वाचला असेल, अशी आशा बाळगण्यास फारशी जागा नाही. बदलापूरच्या संतापजनक प्रकरणातील आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला, तेव्हाही पेढे वाटले गेले. पुढे त्या गोळीबाराबाबतही न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवरच बोट ठेवले.

पेढे वाटणाऱ्यांचा राग खरा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. न्यायालयात खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, साक्षीदार फितूर होतात, नराधम जामिनावर सुटून गावात उजळ माथ्याने फिरतात. या वैफल्यातून ‘झटपट न्याया’ची ओढ निर्माण होते. पण ज्याला झटपट न्याय समजले जाते, तोच पुष्कळदा न्यायाचा घात करतो.

याचा सर्वांत दाहक पुरावा २०२५ च्या जुलैमध्ये मिळाला. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक निरपराध माणसे ठार झाली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. कारणे अनेक होती. त्यांतील एक प्रमुख कारण म्हणजे कबुलीजबाब छळ करून घेतले गेले, ते एकमेकांची नक्कल वाटावी इतके सारखे होते, असा न्यायालयाचा निष्कर्ष. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले असून या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै रोजी सांगितले. अंतिम निर्णय काय व्हायचा तो होईल. परंतु एवढे निश्चित की, त्या गाड्यांतून जे घरी परतले नाहीत त्यांच्या कुटुंबीयांना एकोणीस वर्षांनंतरही स्फोट कोणी केले, याचे उत्तर मिळालेले नाही. ज्यांना देशाचे शत्रू शासनाविना सुटू नयेत असे मनापासून वाटते, त्यांनीच कोठडीतील मारहाणीला सर्वांत कडवा विरोध केला पाहिजे. कारण मारून वदवलेला कबुलीजबाब हा बचाव पक्षाच्या वकिलाला पोलिसांनी दिलेला आहेर असतो.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै रोजी, मालेगावच्या २००८ च्या स्फोट खटल्यात साध्वी प्रज्ञासिंह आणि कर्नल पुरोहित यांच्यासह सातही आरोपी निर्दोष सुटले. कोठडीत अमानुष छळ झाल्याचे या दोघांनी सतरा वर्षे सांगितले. न्यायालयाने त्यांना सोडले, पण छळाचा आरोप मात्र पुराव्याअभावी मान्य केला नाही. दहशतवादविरोधी पथकाच्या खोलीत काय घडले, याची कोणतीही तटस्थ नोंद नसल्यावर दुसरे काय होणार? तक्रार खरी असेल तर ती सिद्ध करता येत नाही, खोटी असेल तर पोलिसांना स्वतःचे निर्दोषत्व दाखवता येत नाही. जो दुसऱ्या निकालाने सुखावला आणि छळाच्या कहाण्यांनी व्यथित झाला, त्याला पहिल्या निकालातील छळाच्या निष्कर्षाकडे पाठ फिरवता येणार नाही. कोठडीची भिंत आत आलेल्याचा धर्म वा विचार विचारत नाही.

इतिहासातील एक विलक्षण बाब येथे नोंदवावीशी आहे. कबुलीसाठी इजा करणे हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३३० मध्ये होता. त्या कलमाखाली १८६० च्या कायदेकारांनी जे पहिले उदाहरण दिले ते चोराचे वा दरोडेखोराचे नाही, आरोपीचा छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे आहे! आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्येही ते कायम आहे. याच कारणास्तव १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांपुढील कबुली अग्राह्य ठरवली. परकीय राज्यकर्त्यांनाही आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता. मात्र गुन्हा पुस्तकात असून भागत नाही, तो सिद्ध व्हावा लागतो. आणि कोठडीत साक्षीदार असतात ते सारे खाकीतले.

या अडचणीवर उपाय सुचवला गेला नव्हता असे नाही. महाराष्ट्रातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले, देश हादरला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले की न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. त्याच न्यायाने, ताब्यात असताना झालेली जखम पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ च्या आपल्या ११३ व्या अहवालात केली. ती आजतागायत कागदावर आहे. नव्या साक्ष्य अधिनियमातही तिला जागा मिळालेली नाही. ताब्यात घेतलेला धडधाकट माणूस मेला, तर काय घडले ते सांगण्याचा भार ताबा घेणाऱ्यावरच असावा, हे समजण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

असा भार नसल्यामुळे काय घडते, ते महाराष्ट्राने दोनदा तरी पाहिले आहे. मूळ परभणीचा ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून ‘पळाला’. त्याला मुंबईहून औरंगाबादकडे आणताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला, अशी कथा सांगितली गेली. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने ती खोटी ठरवली आणि चार पोलिसांवर आरोपपत्र दाखल झाले. दोन दशके उलटूनही खटला रेंगाळतच राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीच्या कोथळे प्रकरणात पुन्हा तेच. किरकोळ लूटमारीचा संशयित ठाण्यातील मारहाणीत मेला, त्याचे प्रेत आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आले आणि दप्तरी नोंद झाली : आरोपी पळून गेला. एक मुसलमान, एक हिंदू. एक बॉम्बस्फोटाचा संशयित, दुसरा भुरटा. दप्तराची भाषा मात्र एकच!

हे लिहिताना पोलीस शिपायाची बाजू दृष्टीआड करणे अन्यायाचे होईल. हाती केवळ लाठी असताना कसाबची रायफल छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच पोलीस दलाचे होते. गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, या साऱ्यांत बारा-बारा तास उभा राहणारा हवालदार रात्री ठाण्यात येतो, तेव्हा त्याच्यापुढे घरफोडीचा तपास असतो आणि साहेबांचा एकच तगादा असतो : ‘डिटेक्शन’ दाखवा. बोटांचे ठसे, मोबाइलचे तपशील, न्यायवैद्यक अहवाल यांस वेळ लागतो, डी. बी. रूममधला पट्टा लगेच हाती लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी, माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर निकाल देताना, तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करा, असे सांगितले ते उगीच नव्हे. कामांची ही विभागणी आजही बहुतांश ठाण्यांत कागदापुरतीच आहे. आणि वरिष्ठांच्या शाबासकीसाठी हात उगारणारा शिपाई प्रकरण अंगाशी आले की एकटा पडतो, शाबासकी देणारे नामानिराळे राहतात. ही गोष्ट त्या दलातील प्रामाणिक माणसे खासगीत कडवटपणे बोलतात.

त्याच निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. म्हणजे परभणी, हिंगोली वा नांदेडच्या शेतमजुराने ठाणेदाराविरुद्ध तक्रार करायची ती विभागाच्या ठिकाणी, संभाजीनगरात. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरली तर ही व्यवस्था कोणासाठी आहे, असा प्रश्न पडतो. असे प्राधिकरण आहे, हेच मुळात किती सुशिक्षितांना ठाऊक आहे? कोठडीतील मृत्यूचा तपास संबंधित जिल्ह्याबाहेरील यंत्रणेकडे आपोआप जावा आणि न्यायदंडाधिकाऱ्याचा अहवाल हीच प्रथम खबर मानली जावी, एवढी दुरुस्ती झाली तरी परभणीच्या त्या माऊलीसारखी दुसऱ्या कोणा आईची फरफट होणार नाही.

राहिली ती तटस्थ नोंद. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, मागचे आवार, काहीही सुटू नये. रात्रीचे चित्रण आणि आवाजही टिपला जावा. नोंद अठरा महिने जपावी, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष. एवढा बारकाईचा आदेश असूनही अनेक ठिकाणी नेमक्या गरजेच्या वेळी कॅमेरा ‘बंद’ असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

या आदेशातील एक तपशील कार्यकर्त्यांनी आवर्जून पाहण्याजोगा आहे. कॅमेरे चालू आहेत की नाही, नोंद जपली जाते की नाही, हे पाहण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती नेमायची आहे. तिच्यावर विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर शहराचे महापौर, ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे प्रमुख, असे लोकांनी निवडून दिलेले माणूसही असावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. नगरसेवक रस्ते, पाणी आणि कचऱ्याविषयी सभागृह डोक्यावर घेतात. क्रांती चौक, सिटी चौक, सिडको, मुकुंदवाडी या ठाण्यांतील कॅमेऱ्यांचा महिन्याचा अहवाल मागण्याचा मार्गही याच समितीतून त्यांच्यासाठी मोकळा आहे. संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचे राज्य होते. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे ज्या काळात हे कॅमेरे बसवायचे आणि तपासायचे होते, त्या साऱ्या काळात त्या समितीतील महापौरांची खुर्ची रिकामी होती.